नगरच्या किल्ल्यातले मौलाना आझाद : जुल्म कुणाचाही असो, निषेध एकच

नगरच्या भुईकोट किल्ल्यात कोण कैद होतं, असं वर्गात विचारलं की मुलं पटकन पंडित नेहरूंचं नाव घेतात. मौलाना अबुल कलाम आझाद यांचं नाव जरा थांबून येतं. खरं तर त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष मौलानाच होते.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का शरीफ इथे झाला. लहानपणीच घराणं कलकत्त्याला आलं. तालीम घरीच झाली. १९११ मध्ये इटलीने तुर्कांच्या ताब्यातल्या त्रिपोलीवर फौजा उतरवल्या. पुढच्या वर्षी मौलानांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढलं आणि अशा आक्रमणांविरुद्ध कलम चालवली. इंग्रज सरकारला ते सोसलं नाही. १९१४ मध्ये साप्ताहिक बंद पडलं, नंतर मौलानांना रांचीत नजरकैद झाली.

पण त्यांचा खरा कस १९३९ मध्ये लागला. १ सप्टेंबरला जर्मनीने शेजारच्या पोलंडवर हल्ला केला. व्हाइसरॉयने इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारताच हिंदुस्थानला युद्धात ओढलं. त्याच महिन्यात आपल्या वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली. मौलाना या कार्यकारिणीचे सदस्य होते. इंग्रजांचा शत्रू तो आपला दोस्त, असं म्हणणं सोपं होतं. कार्यकारिणीने तसं केलं नाही. ठराव करून तिने पोलंडवरच्या आक्रमणाचा स्पष्ट निषेध केला. सोबत इंग्रजांनाही विचारलं, की ही लढाई स्वातंत्र्यासाठी असेल तर हिंदुस्थान गुलाम का?

पुढे मुंबईसह काँग्रेसच्या प्रांतांतल्या विधिमंडळांनी, देशाला न विचारता युद्धात ओढल्याबद्दल नाराजीचे ठराव केले. उत्तर समाधानकारक आलं नाही, तेव्हा मंत्रिमंडळांनी खुर्च्या सोडल्या. प्रांतांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या काँग्रेसच्या तिघांच्या समितीत सरदार पटेल आणि राजेंद्र प्रसाद यांच्यासोबत मौलाना होते. १९४० मध्ये रामगढ अधिवेशनात ते अध्यक्ष झाले.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत त्यांच्याच अध्यक्षतेखाली ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे अटक झाली आणि रेल्वेने थेट नगरला आणलं. एप्रिल १९४५ पर्यंत ते इथेच होते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात बेगम जुलेखा यांचा इंतकाल झाला. बेगम आजारी असताना सरकारकडे अर्ज करायची सवड होती, पण जालीम हुकूमतीकडे मेहरबानी मागायची नाही, म्हणून मौलानांनी तो केला नाही. शेवटची भेट झालीच नाही. ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं त्यांनी इथेच लिहिली. पत्रं दोस्ताच्या नावे होती, पण कैदेतून ती पाठवता येत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मौलाना देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि २२ फेब्रुवारी १९५८ रोजी वफात होईपर्यंत त्या पदावर राहिले. दिल्लीच्या जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे.

आजही कुठे फौजा घुसल्या, की आपण आधी बघतो मारणारा कोण आणि मरणारा कोण. मग ठरवतो, बोलायचं की गप्प बसायचं. मौलाना आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतः गुलामीत असताना दुसऱ्याच्या शत्रूलाही जालीमच म्हटलं, आणि आपल्या मालकालाही सोडलं नाही. किल्ल्यात त्या नेत्यांच्या खोल्या आजही जपून ठेवल्या आहेत. मुलांना घेऊन गेलात तर ही गोष्ट तिथेच उभं राहून सांगा.