समजून घ्या : बिबट्या पुन्हा त्याच गोठ्याकडे का वळतो? स्किनर यांनी अभ्यासलेला नियम काय सांगतो?

अष्टविनायकांपैकी एक असलेल्या ओझर परिसरात, कुकडीकाठच्या उसात बिबट्याचा वावर नवा राहिलेला नाही. एखाद्या गोठ्यात शेळी सहज मिळाली, की तो पुन्हा तिकडेच फिरकतो. असं का होतं? या नियमाचा सखोल अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ म्हणजे बी. एफ. स्किनर.

व्हायचं होतं लेखक

स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना या छोट्या गावात झाला. वडील वकील. १९२६ मध्ये पदवी मिळाल्यावर लेखक होण्यासाठी ते घरी बसले, पण जमलं नाही. १९२८ मध्ये हार्वर्डमध्ये मानसशास्त्र शिकायला गेले आणि १९३१ मध्ये पीएचडी झाले.

पावलोव्ह आणि स्किनर यांच्यात फरक काय?

खाण्याआधी ठरावीक संकेत वारंवार मिळाला, की नुसत्या संकेतानेही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियाच्या पावलोव्ह यांनी दाखवलं. ही लाळ आपोआप सुटते. स्किनर यांच्या पेटीत मात्र उंदराला कळ दाबावी लागे, मग दाणा मिळे. दाणा मिळाल्याने कळ दाबणं वाढलं. म्हणजे आधी कृती, मग परिणाम आणि त्या परिणामावरून पुढची कृती. दाणे बंद झाले की सवय हळूहळू सुटते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ती फार चिवट होते. सारखा मोबाइल उघडून पाहण्याची सवयही अशीच समजावली जाते.

कबुतरं ते शाळेचा वर्ग

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अस्त्राला दिशा देण्यासाठी कबुतरं तयार केली. ती प्रत्यक्ष वापरली गेली नाहीत. १९५३ मध्ये मुलीच्या गणिताच्या तासाला बसल्यावर, उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, हे त्यांना खटकलं. त्यातून शिकवणारं यंत्र आलं. माणसाचं स्वातंत्र्य नाकारल्याची टीकाही त्यांच्यावर झाली. १८ ऑगस्ट १९९० रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

ओझरकरांसाठी अर्थ काय?

शिक्षेने वर्तन तात्पुरतं दबतं, असं स्किनर यांचं मत होतं. त्या हिशेबाने, फटाक्यांनी बिबट्या आज पळेल. पण शिकार मिळत राहिली तर उद्या परतेल. गोठा चार दिवस बंद आणि पाचव्या दिवशी उघडा राहिला, तर सवय उलट पक्की होईल. म्हणून गोठ्याचं दार रोज लावणं महत्त्वाचं.