नाथांच्या कावडीचे पाणी

पैठणचे नाव निघाले की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन मुकी जनावरे उभी राहतात. एक रेडा आणि दुसरे गाढव. रेड्याची कथा माउलींची, गाढवाची कथा नाथमहाराजांची. मधे तीनशे वर्षांचे अंतर, पण गाव एकच आणि बुद्धीही एकच.

रेड्याच्या कथेत एक गोष्ट आपण कीर्तनकार मंडळी भराभर सांगून पुढे जातो. रेड्याच्या मुखी वेद बोलविले, हा भाग सगळ्यांना पाठ. परंतु त्याच्या आधी त्या रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि त्याचे वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटले, असे परंपरा सांगते. माझ्या मते खरा चमत्कार तोच. वेद काय, पैठणात घरोघर म्हटले जात होते. दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ आपल्या पाठीवर उठणे मात्र तेव्हाही दुर्मिळ होते आणि आजही आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे, वारकरी तिथे माथा टेकतात.

असो. आज सांगायचे ते नाथांचे चरित्र.

श्रीएकनाथमहाराज हे भक्त भानुदासांचे पणतू. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी पंढरीस परत आणली, तेच हे भानुदास. त्यांचे पुत्र चक्रपाणि, चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांच्या पोटी नाथ. जन्म शके १४५५ च्या सुमाराचा. आईबाप दोघेही नाथांच्या अगदी लहानपणी गेले. आजोबा-आजींनी लेकराला वाढवले. पोर शहाणे निघाले, पण पोरके ते पोरकेच. ज्याचे कुणी नाही त्याच्याकडे नाथांची नजर आधी जायची, तिचे मूळ इथे असावे असे मला आपले वाटते.

बाराव्या वर्षी नाथ घर सोडून देवगिरीस गेले. तिथे जनार्दनस्वामी गडाचा कारभार पाहत. मूळचे चाळीसगावचे, निजामशाहीच्या चाकरीत असलेले, आणि आतून पूर्ण दत्तभक्त. गुरूच्या घरी नाथांनी केर काढला, पाणी भरले, हिशेब लिहिले. एका अडक्याच्या चुकीसाठी रात्रभर दिवा जाळल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे, ती पुन्हा सांगत नाही.

पण तिथलीच दुसरी एक कथा सांगतो, कारण तिच्यात कुत्री आहे. जनार्दनस्वामींना भेटायला श्रीदत्तप्रभू आले ते मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेषात. अंगावर फाटके कातडे, डोळे लाल, आणि बरोबर एक कुत्री. मलंगाने त्या कुत्रीचे दूध काढवले, त्यात भाकरी कुस्करली आणि गुरुशिष्य एका पात्रात जेवायला बसले. नाथ बाजूला उभे राहून पाहत होते. सोवळ्यात वाढलेला ब्राह्मणाचा मुलगा तो, चार पावले मागे सरकला असता तरी कुणी नाव ठेवले नसते. नाथांनी काय केले, तर ते पात्र धुवायला घेतले आणि धुवण म्हणून जे पाणी निघाले ते प्राशन केले. त्या मुलाची पहिली परीक्षा अशी कुत्रीच्या दुधावर झाली, बरं का! दत्तमूर्तीच्या पायाशी बसलेल्या श्वानांना आपण वेद म्हणून हात जोडतो आणि देवळाबाहेर येऊन तसल्याच श्वानाला दगड मारतो. नाथांना ही दोन कुत्री वेगळी कधी दिसली नाहीत.

पुढे गुरूच्या आज्ञेने शूलिभंजन पर्वतावर अनुष्ठान झाले. तिथे एक सर्प डसायला आला आणि अंगाला विळखा घालून, डोक्यावर फणा धरून राहिला, असे सांगतात. मग तीर्थयात्रा, मग पैठणास परतणे, गिरिजाबाईंशी विवाह आणि गोदाकाठचा तो प्रसिद्ध संसार. या संसारात आल्यागेल्याला अन्न होते. प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्या होऊन बारा वर्षे या घरी पाणी वाहिले, अशी श्रद्धा आहे. पैठणास नाथांच्या वाड्यात तो रांजण आजही दाखवतात. देव ज्याच्या घरी पाणी भरतो, त्याने देवाचे पाणी कुणाला पाजले ते पुढे येईलच.

इथे थोडे शास्त्र सांगू द्या. आम्ही पाठशाळेत स्मृती घोकल्या, त्यात कुत्र्याच्या स्पर्शाचे, त्याने पाहिलेल्या अन्नाचे दोष आहेत, खोटे कशाला सांगू? परंतु त्याच मनुस्मृतीत तिसऱ्या अध्यायात वैश्वदेव सांगितला आहे. गृहस्थाने स्वतः जेवण्याआधी कुत्री, कावळे, किडेमुंग्या, रोगी आणि समाजाने टाकलेली माणसे यांच्यासाठी अन्न भूमीवर ठेवावे. आणि ठेवावे कसे, तर सावकाश. फेकायचे नाही. टीकाकार याचे कारण देतात की अन्नाला धूळ लागू नये. म्हणजे कुत्र्याच्या घासालाही माती लागू नये, इतकी काळजी शास्त्राने घेतली. आपण दोष तेवढे लक्षात ठेवले आणि सावकाश हा शब्द विसरलो.

नाथांचा मोठा ग्रंथ म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका. पैठणास आरंभ झाला, पाच अध्याय होताच काशीच्या पंडितांनी प्राकृतात भागवत लिहिणारा कोण म्हणून बोलावून घेतले, आणि शेवटी तिथेच शके १४९५ च्या, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस ग्रंथ पुरा झाला. या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. मोजून पाहा. पारवा, अजगर, पतंग, भ्रमर, हत्ती, हरिण, मासा, तो कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. चोवीसांत अकरा गुरू पशुपक्षी-कीटकांतले! माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि याच स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायात भगवंत उद्धवाला सांगतात की आपलीच माणसे हसतील, हसू देत. देहाची लाज सोड आणि कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव या सर्वांना भूमीवर दंडवत घाल. श्लोकात कुत्रा पहिला आणि गाढव शेवटचे. आणि हसणारे कोण, तर परके नव्हेत, आपलेच सोबती. नाथांनी या श्लोकावर ओव्या लिहिल्या त्या विस्ताराने आहेत, ज्यांच्या घरी पोथी असेल त्यांनी जरूर काढून वाचाव्यात.

आता ती कथा. काशीहून गंगेचे पाणी घेऊन पायी रामेश्वरास जायचे, तिथे अभिषेक करायचा, हा यात्रेचा जुना परिपाठ. बांबूच्या दोन टोकांना गंगोदकाची भांडी बांधलेली, तोंडे पक्की केलेली. खांद्याला कावड आणि शेकडो कोस वाट. महिनेच्या महिने चालायचे. त्या कावडीतले पाणी स्वतःला कितीही तहान लागली तरी प्यायचे नसते. नाथ आणि बरोबरची मंडळी अशी कावड घेऊन चालली होती. दुपारची वेळ, ऊन रणरणत होते आणि वाटेत वाळवंट लागले. तिथे एक गाढव पडले होते. घशाला कोरड पडलेली, जीभ बाहेर, तापलेल्या वाळूत पाय झाडीत होते. जवळपास पाणी नाही. धन्याने तरी त्याला का सोडले असेल? काम होईना म्हणून सोडले असेल. दुसरे काय!

मंडळी हळहळली आणि पुढे निघाली. नाथ थांबले. कावड उतरवली, भांड्याचे तोंड सोडले आणि गंगेचे पाणी त्या गाढवाच्या मुखात घातले. गाढवाने डोळे उघडले, थोड्या वेळाने उठून उभे राहिले आणि चालू लागले.

सोबत्यांना राग आला, आणि तो मला समजतो. त्यांना निर्दय म्हणू नका. संकल्प झालेले द्रव्य आपले राहत नाही, ते देवाचे होते. देवाला दिलेले दुसऱ्याला द्यायचा अधिकार कुणाला? शास्त्रदृष्ट्या ही शंका बिनतोड आहे. नाथांनी तिचे खंडन केले नाही, वादही घातला नाही. त्यांनी इतकेच सांगितले की आपला रामेश्वर इथेच भेटला आणि अभिषेक पावला. म्हणजे पाणी ज्याचे त्यालाच पोचले, मग अपहार झाला कुठे? युक्तिवाद म्हणून पंडिताला हे पटणार नाही कदाचित. पण वाळूत जीभ काढून पडलेल्या प्राण्याकडे पाहून जो मनात प्रमाणे जुळवीत बसेल, त्याच्या कावडीतले पाणी रामेश्वराने तरी का घ्यावे?

आणखी एक पाहा. ते जनावर गाय असते, तर सोबत्यांपैकी निम्म्यांनी कावडी सोडल्या असत्या. गाईला पाणी पाजणे पुण्याचे. बैल झाला तरी नंदी. गाढवाला कोण? शीतलादेवीचे वाहन म्हणून नाव आहे, तेवढेच. बाकी आपल्या देशी गाढव म्हणजे शिवी, गाढवावरून धिंड, आणि यादवकाळच्या दानाच्या शिळांवर शाप म्हणून कोरलेली गधेगाळ. ओझे मात्र सगळ्यांचे तेच वाहणार. कुंभाराची माती, परटाचे कपडे, नदीची वाळू, भट्टीच्या विटा. संध्याकाळी पुढचे पाय बांधून उकिरड्यावर सोडायचे, की काम झाले. पाठीवर पट्ट्याने जखमा, त्यावर माश्या. हे चित्र जुने झाले असे कुणी समजू नये. कुठल्याही वीटभट्टीवर जाऊन पाहावे.

कीर्तनात ही कथा लागली की मायबाप श्रोते डोळे पुसतात. मी अनेक वर्षे पाहतो आहे. तेच श्रोते पंगतीला बसतात, आणि दोन-चार कुत्री वासाने मंडपाशी आली की सगळ्यात आधी काठी निघते. कुणी कुणी तर उकळते पाणी फेकतात. मुक्कामाच्या गावात कुत्री भुंकतात, अंगावर येतात, पोरे-म्हातारी माणसे भितात, हे सगळे खरे. दया म्हणजे आंधळेपणा नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्यापासून दूर राहावे. चावलेच तर साबणाने जखम पाव तास वाहत्या पाण्याखाली धुऊन तडक दवाखाना गाठावा, तिथे अंगारा-धुपारा कामाचा नाही. त्या रोगाला लक्षणे दिसू लागल्यावर औषध नाही, लस मात्र आहे. पण पंगतीचे उष्टे एका बाजूला, माणसांपासून दूर नेऊन ठेवले, तर कुत्री मंडपात कशाला शिरतील? भांडेभर पाणी झाडाखाली ठेवायला काय लागते? ज्या दिंडीत हे काम एखाद्या सेवेकऱ्याकडे नेमून दिलेले असते, तिथे भांडण होत नाही हे मी पाहिले आहे. रथाच्या बैलांचेही तसेच. घाटात खूर घसरत असतात, तोंडाला फेस असतो, आणि दर्शनाला लोटलेली गर्दी त्यांच्या शिंगांना हात लावायला धडपडते. आरवेल्या जनावराला दर्शनाने विसावा मिळत नाही. त्याला सावली लागते.

महाभारताचा आरंभसुद्धा आठवावा. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. त्याची आई जाब विचारायला आली, तेव्हा एवढ्या मोठ्या राजाकडे उत्तर नव्हते.

नाथांकडे परत येऊ. त्यांची ही बुद्धी जनावरांपुरतीच नव्हती. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात महाराचे लेकरू रडत होते, ते त्यांनी उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या आईच्या हाती दिले. श्राद्धाचे अन्न भुकेल्या महारांना वाढले. त्यासाठी गावाने वाळीत टाकले, तेही सोसले. खुद्द पुत्र हरिपंडित, मोठे विद्वान, बापाचे हे वागणे न पटून काशीस निघून गेले होते. पुढे ते परतले आणि निवळले. आम्हा संस्कृत शिकलेल्यांना हरिपंडितांची गोष्ट जरा जवळची वाटते.

उतारवयात नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला. आज आपण जी पारायणे करतो ती त्या श्रमांमुळे. रेड्याच्या पाठीचे वळ ज्यांनी स्वतःवर घेतले त्यांची पोथी, गाढवाला गंगा पाजणाऱ्याने शोधली! भावार्थरामायण हाती घेतले होते, ते युद्धकांडात थांबले आणि गावबाने पुरे केले.

शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठी. नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भानुदासांचे वंशज गेले, पण कीर्तन ऐकणारे तीरावर उभेच होते. तेव्हापासून नाथषष्ठीला दिंड्या पैठणास येतात. उन्हाची काहिली सुरू झालेली असते. आदल्या दिवशी रंगपंचमी, आणि त्या दिवशी मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. दूरदूरचे लोक तिथे गाढवे विकायला आणि घ्यायला येतात. दात पाहतात, पाठ दाबून पाहतात, भाव ठरतो. मढीहून पैठणास येणारे वारकरी असतात, त्यांना वाटेत ती विकलेली गाढवे नव्या धन्याबरोबर चाललेली दिसतात.