हुतात्मा अनंत कान्हेरे : एका पिस्तुलाचा प्रवास

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. जिल्हाधिकारी आर्थर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपानिमित्त हा प्रयोग योजिलेला होता. जॅक्सन नाट्यगृहात शिरून आसनाकडे निघाले, तोच एका तरुणाने पुढे होऊन त्यांच्यावर पिस्तूल झाडले. काही क्षणांतच जॅक्सन गतप्राण झाले. तो तरुण म्हणजे अनंत लक्ष्मण कान्हेरे. वय अवघे अठरा वर्षांचे.

कान्हेरे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचे. अनंतरावांचे इंग्रजी शिक्षण मात्र निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाले. तेथेच त्यांचा क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळींशी संबंध आला आणि या संबंधानेच त्यांना नाशिकला आणले. नाशिक हे तेव्हा अभिनव भारताचे माहेरघर होते. संघटनेचे आधारस्तंभ बाबाराव सावरकर यांना जून १९०९ मध्ये जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्यावरील खटला जॅक्सन यांनीच वरच्या न्यायालयाकडे सोपविला होता. त्याचा सूड घ्यावा, या निश्चयाने कृष्णाजी गोपाळ कर्वे, विनायक नारायण देशपांडे आणि अनंत कान्हेरे एकत्र आले. कर्वे उच्चशिक्षित, देशपांडे पेशाने शिक्षक, तर कान्हेरे या दोघांहून लहान.

मनात निश्चय होता. हाती शस्त्र हवे होते. ते सातासमुद्रापलीकडून आले. लंडनमध्ये असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ च्या आरंभी वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळविली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होता. त्याच्या पेटीला दुहेरी तळ करून त्यात हा ऐवज दडविण्यात आला आणि ती पेटी मुंबईत सुखरूप उतरली. कर्वे यांच्या गटामार्फत यांतील शस्त्र पुढे कान्हेरे यांच्या हाती गेले.

अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची ही पिस्तुले त्या काळी नवलाईची होती. आपल्याकडे तोवर परिचित असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रात काडतुसे बसतात आणि चक्र उघडताच ती डोळ्यांना दिसतात. ब्राउनिंगची तऱ्हा निराळी. काडतुसांचे मॅगझीन मुठीत दडलेले असते. गोळी सुटताच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवे काडतूस नळीत सारतो. हे सारे निमिषार्धात घडते. पण प्रत्येक भाग आपल्या जागी असेल तरच.

म्हणूनच अशा पिस्तुलाची निगा हे मोठे जिकिरीचे काम. आधी मॅगझीन काढावे लागते; तेवढ्याने मात्र पिस्तूल रिकामे होत नाही. एक काडतूस नळीच्या तोंडाशी बसून राहू शकते. ते काढल्याची खात्री न करता सफाईला बसणारा स्वतःच्याच जिवावर उठतो. मग सुटे भाग क्रमाने मांडणे, नळीतील काजळी पुसणे, तेलाचा पातळ हात फिरविणे आणि ज्या क्रमाने भाग काढले त्याच्या उलट क्रमाने ते पुन्हा जुळविणे. स्प्रिंग आपल्या जागी नीट बसली नाही, तर ऐन वेळी पिस्तूल अडते. शेवटी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून पाहायचा, तेव्हा कोठे काम पुरे होते.

सैन्यात ही विद्या उस्तादाच्या हाताखाली गिरवून घेतात. गुप्त मंडळींना ना शस्त्रागार होते, ना उस्ताद. त्यातच मार्च ते डिसेंबर या काळात एक पूर्ण पावसाळा येऊन गेला. दमट हवेत लपवून ठेवलेल्या पोलादावर गंज चढायला वेळ लागत नाही. नाशिकच्या त्या रात्री पिस्तूल अडले नाही, यावरून ते काळजीने राखलेले होते एवढे निश्चित.

कान्हेरे यांना जागीच पकडण्यात आले. ते फसले तर देशपांडे आणि त्यांच्यामागे कर्वे पुढे होणार, अशी योजना होती. तिची गरजच उरली नाही. २९ मार्च १९१० रोजी तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिची अंमलबजावणी झाली.

पिस्तुलाचा माग मात्र तेथे थांबला नाही. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि पेटीच्या दुहेरी तळाची हकिकत न्यायालयापुढे आली. १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये सावरकरांना अटक झाली होती. जॅक्सन यांच्या वधाला साहाय्य केल्याबद्दल जानेवारी १९११ मध्ये त्यांना दुसरी जन्मठेप ठोठावण्यात आली.

ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ते जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते आणि लोक त्यांना पंडित म्हणून ओळखत, हेही इतिहासाने नोंदविले आहे. परकी सत्ता कितीही विद्वान माणसाच्या रूपाने आली, तरी ती परकीच, अशी क्रांतिकारकांची भूमिका होती. त्या भूमिकेची किंमत त्यांनी स्वतःच्या प्राणांनी चुकती केली.

नाशिकमधील मोठ्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. तेथे क्रिकेटचे सामने रंगतात आणि खेळणाऱ्यांत अठरा वर्षांची मुलेही असतात. पिस्तुलाचे सुटे भाग पुसून, तेल देऊन पुन्हा जुळविता येतात. त्या चार महिन्यांत संपलेली चार आयुष्ये मात्र कोणालाही जुळविता आली नाहीत. मैदानावरील नाव वाचताना त्या वयाच्या एका मुलाने काय उचलले आणि काय मागे टाकले, याची आठवण राहावी.