आयगेनव्हॅल्यूवाले हिल्बर्ट सर

मॅथ्सच्या पेपरात आयगेनव्हॅल्यूचं गणित हमखास येतं. आपण ते सोडवतो, मार्क घेतो आणि विसरून जातो. पण मित्रांनो, हा 'आयगेन' कोण? बऱ्याच जणांना वाटतं, कुणा शास्त्रज्ञाचं आडनाव असेल. तसं नाही. जर्मन भाषेत 'आयगेन' म्हणजे स्वतःचं आणि 'वेर्ट' म्हणजे मूल्य. दोन्ही जोडून झालं 'आयगेनवेर्ट'. इंग्रजीने त्यातला अर्धाच शब्द भाषांतरित केला! मॅट्रिक्सने गुणल्यावर बहुतेक व्हेक्टर दिशा बदलतात; काही मात्र आपली रेषा सोडत नाहीत, फक्त लहानमोठे होतात. किती पट, ते त्या मॅट्रिक्सचं स्वतःचं मूल्य.

हा शब्द गणितात रुजवला डेव्हिड हिल्बर्ट यांनी, १९०४ साली, इंटिग्रल इक्वेशन्सवर लिहिताना. जन्म १८६२ चा, तेव्हाच्या प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग भागातला. १८९५ पासून ते ग्योटिंगेन विद्यापीठात शिकवू लागले. १९०० साली पॅरिसच्या परिषदेच्या निमित्ताने त्यांनी न सुटलेल्या २३ प्रश्नांची यादी मांडली आणि पुढची पिढीच कामाला लावली. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी अणूमधल्या ऊर्जेच्या पातळ्या काढल्या, त्या आयगेनव्हॅल्यू म्हणूनच. म्हणजे शब्द आधी तयार होता, फिजिक्स नंतर आलं.

पण हिल्बर्ट सर नुसते गणिती नव्हते. १९१५ मध्ये त्यांनी एमी न्योदर या हुशार गणितज्ञ बाईंना ग्योटिंगेनला बोलावलं. बाई आहेत म्हणून काही प्राध्यापक अडून बसले. मग सरांनी काय केलं? व्याख्यानं स्वतःच्या नावावर जाहीर केली आणि शिकवायला उभं केलं न्योदरबाईंना! अधिकृत परवानगी मिळायला १९१९ साल उजाडलं.

१९३३ मध्ये हिटलरचं सरकार आलं. न्योदर, कूरांट, बॉर्न असे दिग्गज केवळ ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर काढले गेले. सर तेव्हा निवृत्त झाले होते. आयुष्यभर जमवलेली माणसं डोळ्यांदेखत पांगली. १४ फेब्रुवारी १९४३ रोजी ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेला जेमतेम दहा-बारा जण होते.

स्वतःचं कोण आणि परकं कोण, हे तिथल्या सरकारने जातीवरून ठरवलं. हिल्बर्ट यांनी ते फक्त कामावरून ठरवलं होतं. पुढच्या वेळी लॅम्डा काढताना एवढं आठवलं, तरी पुष्कळ झालं.