लॉर्ड केल्व्हिन आणि उष्णतेचा पंप

मुलांनो, रेफ्रिजरेटरच्या मागे हात धरून पाहा. आत पाण्याचा बर्फ होत असतो. बाहेर मात्र हाताला ऊब लागते. ही ऊब कोठून येते? आतील दूध, भाजी आणि पाणी यांच्यातील उष्णता यंत्र ओढून घेते आणि बाहेर टाकते. यंत्र चालवण्यासाठी जी वीज खर्च होते, तिची उष्णताही तिच्यात मिसळते. खोली थंड करणारे वातानुकूलन यंत्रही हेच काम करते.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. जे यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते, ते उलटे चालवले तर बाहेरची उष्णता खोलीत आणता येईल काय? कडाक्याच्या थंडीत त्या यंत्राने घर उबदार ठेवता येईल काय? हा प्रश्न १८५२ साली अठ्ठावीस वर्षांच्या एका प्राध्यापकाने विचारला आणि त्याचे उत्तर गणित करून मांडले. त्यांचे नाव विल्यम थॉमसन. पुढे सारे जग त्यांना लॉर्ड केल्व्हिन या नावाने ओळखू लागले.

विल्यमचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट या शहरात झाला. त्याचे वडील जेम्स हे एका शेतकऱ्याचे पुत्र. मोठ्या कष्टाने शिकून ते गणिताचे अध्यापक झाले होते. विल्यम सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी मुलांना आईची माया दिली आणि घरीच शिकवले. १८३२ साली वडिलांना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात जागा मिळाली आणि सारे कुटुंब तेथे गेले. त्या काळी या विद्यापीठात हुशार लहान मुलांनाही प्रवेश मिळत असे. १८३४ साली विद्यापीठाच्या यादीत विल्यमचे नाव लागले, तेव्हा तो केवळ दहा वर्षांचा होता!

पंधरा-सोळा वर्षांच्या वयात विल्यमच्या हाती फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचा ग्रंथ आला. उष्णता पदार्थातून कशी वाहते, याचे गणित त्यात मांडलेले होते. ग्रंथ मोठा आणि कठीण होता. पण विल्यमने तो थोड्याच दिवसांत वाचून काढला. एका विद्वानाने फूरियेच्या चुका दाखवल्या होत्या. त्या चुकाच नाहीत, हे या मुलाने लेख लिहून सिद्ध केले. उष्णता हा विषय तेव्हापासून त्याच्या मनात घर करून राहिला.

पुढे विल्यम केंब्रिजला शिकला. तेथे अभ्यासाबरोबर तो नाव वल्हवण्याच्या शर्यतीतही भाग घेई. त्यानंतर पॅरिसला जाऊन त्याने तापमान आणि वाफ यांची अचूक मोजमापे कशी घेतात, ते शिकून घेतले. १८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, थॉमसन ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. या एकाच जागेवर त्यांनी ५३ वर्षे काम केले. विद्यार्थ्यांनी केवळ व्याख्याने ऐकू नयेत, स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, असे त्यांना वाटे. म्हणून विद्यापीठाचे एक रिकामे तळघर मागून घेऊन त्यांनी तेथे प्रयोगशाळा उभी केली.

१८४७ साली ऑक्सफर्ड येथे शास्त्रज्ञांची सभा भरली होती. तेथे जेम्स जूल नावाच्या संशोधकाने सांगितले, की काम केले की उष्णता निर्माण होते आणि किती कामापासून किती उष्णता मिळते, हे मोजता येते. जूल कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. त्यांच्या बोलण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण थॉमसन यांनी ते ध्यानपूर्वक ऐकले. त्यांना सारे पटले असे नाही. तरी त्यांनी प्रश्न विचारले, विचार केला आणि पुढे जूल यांच्याबरोबर अनेक वर्षे प्रयोग केले. मोठ्या माणसाचे हे लक्षण लक्षात ठेवा. सांगणारा कोण आहे, यापेक्षा तो काय सांगतो आहे, हे त्यांनी पाहिले.

१८४८ साली थॉमसन यांनी तापमान मोजण्याची एक नवी पद्धत सुचवली. आपल्या नेहमीच्या तापमापकात पाणी गोठते तेथे शून्य अंश मानतात. पण त्याखालीही तापमान उतरत जाते. मग खरे शून्य कोणते? सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस हे ते शून्य. त्याच्या खाली कोणताही पदार्थ थंड होऊ शकत नाही. तेथून मोजलेल्या तापमानाला निरपेक्ष तापमान म्हणतात.

आता १८५२ सालाकडे वळू. पाणी आपोआप वरून खाली वाहते. त्याचप्रमाणे उष्णता आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. ती उलट दिशेने न्यायची असेल तर कष्ट करावे लागतात. भिश्ती काय करतो, ते आठवा. तो पाणी तयार करत नाही. विहिरीत असलेले पाणी तो मशकीत भरतो आणि घरापर्यंत वाहून आणतो. कष्ट पडतात ते वाहून आणण्याचे. उष्णतेचेही असेच करता येईल, असे थॉमसन यांच्या ध्यानात आले. बाहेरची हवा आपल्याला कितीही थंड लागली, तरी ती त्या खऱ्या शून्यापेक्षा खूपच वर असते. म्हणजे तिच्यातही भरपूर उष्णता असते. ती फक्त वाहून आणायची.

पण वाहून कशी आणायची? सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की गरम होते आणि प्रसरण पावली की थंड होते. थॉमसन यांनी दोन मोठ्या नळकांड्यांचे यंत्र कल्पिले. पहिल्या नळकांड्यात बाहेरची हवा घेऊन तिला प्रसरण पावू द्यायचे. ती बाहेरच्यापेक्षाही थंड होईल. मग धातूच्या भिंतींतून ती बाहेरची उष्णता शोषून घेईल. दुसऱ्या नळकांड्यात तीच हवा पुन्हा दाबायची, म्हणजे ती गरम होऊन घरात येईल. आदर्श यंत्राने हवा १० अंशांवरून सुमारे २७ अंशांपर्यंत तापवायची असेल, तर मिळणाऱ्या उष्णतेच्या केवळ पस्तिसाव्या भागाएवढे काम पुरेल, असा हिशेब त्यांनी मांडला. शेगडीत कोळसा जाळून घर तापवणे त्यामानाने किती उधळपट्टीचे!

त्याच सुमारास पियाझी स्मिथ नावाचे खगोलशास्त्रज्ञ उष्ण देशांतील घरे थंड कशी करता येतील, याचा विचार करत होते. एकच यंत्र उन्हाळ्यात घर थंड करील आणि हिवाळ्यात उबदार करील, हे थॉमसन यांच्या लेखाने दाखवून दिले.

मग हे यंत्र लगेच घरोघर गेले का? नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता. घरात वीज नव्हती. वाफेवर चालणारी अवजड यंत्रे घरात कोण बसवणार? थॉमसन यांची कल्पना कागदावरच राहिली. पण ते थांबले नाहीत. त्यांच्यासमोर दुसरे मोठे काम उभे राहिले.

ते काम म्हणजे अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकून युरोप आणि अमेरिका जोडण्याचे. थॉमसन स्वतः जहाजावर गेले. १८५७ साली तार तुटली. १८५८ साली ती पोहोचली आणि दोन्ही किनाऱ्यांवर आनंदोत्सव झाला. पण संदेश फारच हळू जात होते. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे १६ तास लागले. तारेचे काम पाहणाऱ्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याने फार जोराचा विद्युतप्रवाह सोडला आणि काही आठवड्यांतच तार निकामी झाली. प्रवाह सौम्य ठेवावा आणि तो टिपणारे यंत्र नाजूक असावे, असे थॉमसन यांचे मत होते. त्यांनी इवलासा आरसा लावलेले एक यंत्र तयार केले. अगदी मंद प्रवाह आला तरी आरसा किंचित फिरे आणि त्यावरून पडणारा प्रकाशाचा ठिपका सरके. १८६५ साली नवी तार भर समुद्रात तुटली. तरीही कोणी धीर सोडला नाही. १८६६ साली तार यशस्वीपणे टाकली गेली. त्या वर्षी थॉमसन यांना 'सर' हा किताब मिळाला.

१८७० साली त्यांच्या पत्नी मार्गारेट वारल्या. लग्न झाल्यानंतर लवकरच त्या आजारी पडल्या होत्या आणि बरीच वर्षे थॉमसन यांनी त्यांची काळजी घेतली होती. त्याच वर्षी त्यांनी एक शिडाचे जहाज विकत घेतले. त्याचे नाव ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. ते होते 'लाला रुख'! लाला म्हणजे एक लाल फूल आणि रुख म्हणजे गाल किंवा चेहरा, हे तुम्हांला सांगायला नको. टॉमस मूर या कवीने औरंगजेबाच्या मुलीची कल्पित कथा याच नावाने काव्यात लिहिली होती. या जहाजावर थॉमसन यांनी समुद्राची खोली मोजण्याचे नवे साधन पारखून पाहिले. जहाजांचे होकायंत्रही त्यांनी सुधारले.

इतके मोठे शास्त्रज्ञसुद्धा चुकतात. पृथ्वी तापलेल्या गोळ्यापासून निवत आली आहे, असे धरून थॉमसन यांनी तिचे वय काढले. १८९७ साली ते दोन ते चार कोटी वर्षे आहे, असे त्यांनी सांगितले. भूगर्भशास्त्रज्ञांना हे वय फार कमी वाटत होते, पण थॉमसन आपल्या मताला चिकटून राहिले. आज आपल्याला ठाऊक आहे, की पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. त्यांची आकडेमोड बरोबर होती. पण पृथ्वीच्या पोटात उष्णता कशी निर्माण होते आणि कशी वाहते, हे त्यांनी नीट धरले नव्हते. गृहीत चुकले की उत्तर चुकते, हा धडा त्यातून मिळतो.

१८९२ साली त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. ग्लासगो विद्यापीठाजवळून केल्व्हिन नावाची नदी वाहते. तिचे नाव त्यांनी घेतले. १८९९ साली, वयाच्या ७५ व्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि त्याच विद्यापीठात संशोधन करणारा विद्यार्थी म्हणून त्यांनी आपले नाव नोंदवले! १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनजवळ त्यांचे दफन झाले. १९५४ साली निरपेक्ष तापमानाच्या एककाला त्यांचे नाव जगभर मान्य झाले.

आणि त्यांची ती कागदावरची कल्पना? वीज घरोघर आली, तसे तिला दिवस आले. १९३८ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराचे सभागृह नदीच्या पाण्यातील उष्णता ओढून उबदार करण्यात आले. आज थंड देशांत अनेक मोठ्या घरांत असा पंप असतो. बाहेर एक यंत्र आणि आत खोलीगणिक एकेक छोटे यंत्र. मध्ये हवेचे मोठे नळ नसतात. भिंतीतून तांब्याच्या बारीक नळ्या जातात. प्रत्येक खोलीचे तापमान वेगळे ठेवता येते.

असे यंत्र निवडायचे कसे? केवळ घर मोठे म्हणून सर्वांत मोठे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. आधी प्रत्येक खोली मोजावी लागते. भिंती किती जाड, खिडक्या किती, छप्पर उघडे की वर दुसरा मजला, हे पाहून खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, याचा हिशेब करावा लागतो. यंत्र गरजेपेक्षा मोठे असले आणि एकच छोटी खोली चालू असली, तर ते सारखे चालू-बंद होते, वीज वाया जाते आणि यंत्र लवकर झिजते. बाहेर थंडी जितकी अधिक, तितके पंपाचे कष्ट अधिक आणि त्याची शक्ती कमी. म्हणून सर्वांत थंड दिवसांत ते किती उष्णता देईल, हे आधी पाहावे लागते. शिवाय बाहेरचे एकच यंत्र बिघडले तर सारे घर गारठते. म्हणून पुष्कळ खोल्यांसाठी काही वेळा दोन लहान यंत्रे बरी पडतात.

मुलांनो, या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी थॉमसन यांचीच शिकवण आहे. आधी मोजा, मग ठरवा. त्यांनी कल्पिलेले यंत्र त्यांच्या हयातीत घरोघर पोहोचले नाही. पण खरा विचार वाया जात नाही. त्याची वेळ यावी लागते.

शब्दार्थ
मशक – पाणी वाहण्याची कातडी पिशवी
मुबलक – भरपूर
निकामी – उपयोगी न राहिलेली
निवणे – हळूहळू थंड होणे
गृहीत – आधीच खरी मानलेली गोष्ट

स्वाध्याय
१. विल्यमचे नाव विद्यापीठाच्या यादीत लागले, तेव्हा त्याचे वय किती होते?
२. भिश्ती आणि उष्णतेचा पंप यांच्यात कोणते साम्य आहे?
३. थॉमसन यांचे यंत्र त्यांच्या काळी घरोघर का गेले नाही?
४. पृथ्वीच्या वयाबाबत थॉमसन यांचे कोठे चुकले?
५. मोठ्या घरासाठी सर्वांत मोठे यंत्र घेणे योग्य का नाही? तुमच्या शब्दांत लिहा.