पोर्शे यांचा पोरका रणगाडा

‘बीटल’ मोटारीचे जनक म्हणून फर्डिनांड पोर्शे जगाला परिचित आहेत. मात्र दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या एका अजस्र रणगाडाभेदी तोफगाडीलाही त्यांचेच नाव मिळाले होते, आणि ती गाडी त्यांच्या एका पराभवातून जन्माला आली होती.

३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी, पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या घरी पोर्शे यांचा जन्म झाला. घरचा धंदा समोर असताना मुलाला ध्यास लागला तो विजेचा. १८९३ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि विजेची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात रुजू झाले. पुढे लोनर कंपनीसाठी त्यांनी घडविलेली मोटार १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात झळकली. तिच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी बसविल्या होत्या. बॅटऱ्यांचे ओझे फार होते, म्हणून त्यांनी पेट्रोल इंजिनावर जनित्र फिरवून त्याची वीज मोटरींना पुरविण्याची युक्ती काढली. गिअरची कटकटच उरली नाही. या कल्पनेने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. पहिल्या महायुद्धात अवजड तोफा ओढणारी त्यांची वाहने याच तत्त्वावर चालत.

१९३४ मध्ये नाझी राजवटीने जनतेच्या मोटारीचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि हिटलरची मर्जी त्यांना लाभली. १९३७ मध्ये ते पक्षाचे सदस्यही झाले. त्यामुळे जड रणगाड्याच्या स्पर्धेत हेन्शेल कंपनीसमोर पोर्शे उभे ठाकले, तेव्हा पारडे त्यांच्याच बाजूला झुकेल असे वाटत होते. पण त्यांच्या रणगाड्यात दोन इंजिने, जनित्रे आणि विजेच्या मोटरी असा पसारा होता. इंजिने दगा देत आणि दुर्मीळ तांबे भरमसाट लागे. अखेर १९४२ मध्ये ‘टायगर’चा मान हेन्शेलला मिळाला. तोवर ऑस्ट्रियातील कारखान्यात पोर्शे यांच्या रणगाड्याचे सुमारे नव्वद सांगाडे तयार होऊ लागले होते.

त्यांचे करायचे काय? जर्मनांकडे याचे उत्तर तयार होते. कालबाह्य झालेल्या हलक्या ‘पॅन्झर १’चा बुरूज काढून त्यांनी १९४० मध्येच त्यावर ४७ मिलिमीटरची चेक तोफ चढविली होती. पुढे ‘पॅन्झर २’ आणि चेक ३८-टी यांच्या सांगाड्यांवर ‘मार्डर’ गाड्या उभ्या राहिल्या. जुना सांगाडा मोठ्या तोफेचा फिरता बुरूज पेलू शकत नसे. स्थिर बसविलेली तोफ मात्र पेलत असे. त्या गाड्या वर उघड्या आणि पातळ पत्र्याच्या होत्या. पोर्शे यांचे सांगाडे जुने नव्हते, जन्मतःच पोरके झाले होते. १९४३ च्या वसंतात त्यांच्यावर लांब नळीची ८८ मिलिमीटरची तोफ आणि समोर २०० मिलिमीटर जाडीचे पोलादी कवच चढले. वजन भरले सुमारे ६५ टन. इंजिने बदलली, पण विजेची योजना तशीच राहिली. हीच ती ‘फर्डिनांड’.

जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या रणभूमीवर तिच्या तोफेने सोव्हिएत रणगाडे दुरूनच टिपले. परंतु सुरुंगांनी तिचे पट्टे तुटत आणि एवढे धूड ओढून मागे आणणे महाकठीण. शिवाय जवळ आलेल्या पायदळाला रोखायला पुढे मशीनगनच नव्हती! उरलेल्या गाड्यांवर ती नंतर बसविली गेली. ‘एलेफांट’ या नव्या नावाने त्यांपैकी काही १९४४ मध्ये इटलीत लढल्या. पोर्शे मात्र तोवर १८८ टनी ‘माउस’मध्ये गुंतले होते. तोही विजेवरच चालणारा, आणि बनले अवघे दोन.

त्यांना निव्वळ तंत्रवेडा ठरवून मोकळे होणे पटत नाही. ज्या फोक्सवॅगन कारखान्याचे ते प्रमुख होते, तेथे युद्धकैदी, छळछावण्यांतील बंदी आणि पूर्वेकडून पकडून आणलेली माणसे राबविली गेली. त्या मजूर स्त्रियांपासून तोडलेली शेकडो तान्ही मुले कारखान्याच्या शिशुगृहात दगावली. याबद्दल कारखान्याच्या डॉक्टरला १९४७ मध्ये फाशी झाली.

पोर्शे यांना फ्रेंचांनी डिसेंबर १९४५ मध्ये अटक केली. सुमारे वीस महिन्यांनी ते जामिनावर सुटले, तेव्हा प्रकृती ढासळली होती. नोव्हेंबर १९५० मध्ये त्यांनी वुल्फ्सबर्गला जाऊन तो कारखाना पुन्हा पाहिला. त्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले.