चोरीचा ब्रोच वेगळाच निघाला, तरी ऑस्कर स्लेटरला साडेअठरा वर्षं शिक्षा भोगावी लागली..

एका माणसावर चोरीच्या ब्रोचमुळे संशय आला. नंतर कळलं, तो ब्रोच चोरीचा नाहीच. मग पोलिसांनी त्याला सोडायला हवं होतं ना? पण तसं झालं नाही.

या माणसाचं नाव ऑस्कर स्लेटर. १८७२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्मलेला. पुढे ब्रिटनमध्ये आला, जुगारावर पोट भरायचा, नावं बदलून राहायचा.

तर झालं असं की, २१ डिसेंबर १९०८ ला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मॅरियन गिलख्रिस्ट या श्रीमंत म्हातारीचा घरातच खून झाला. मोलकरीण पेपर आणायला गेली होती, तेवढ्या दहा मिनिटांत. घरातून हिऱ्यांचा ब्रोच गायब होता.

पोलिसांना टीप मिळाली, स्लेटर हिऱ्यांच्या ब्रोचची गहाण पावती विकायला फिरतोय. त्यात तो खोट्या नावाने अमेरिकेला निघाला. झालं, संशय पक्का!

पण त्याचा ब्रोच वेगळाच निघाला. तोही खुनाच्या महिनाभर आधी गहाण ठेवलेला.

तरी पोलीस मागे हटले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ओळख पटवायच्या आधीच साक्षीदारांना त्याचा फोटो दाखवला होता. आता सांगा, साक्षीदारांनी ओळखलं कोणाला? खुन्याला की फोटोतल्या माणसाला?

आपण निर्दोष सुटणारच, या भरवशावर स्लेटर स्वतःहून परत आला. मे १९०९ मध्ये १५ पैकी ९ ज्युरींनी त्याला दोषी ठरवलं. शिक्षा फाशी. फाशीला दोन दिवस उरले असताना ती जन्मठेपेत बदलली.

अपील करायचं म्हटलं तर स्कॉटलंडमध्ये तेव्हा फौजदारी अपील कोर्टच नव्हतं. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी १९१२ मध्ये पुस्तक लिहून पुराव्यांची चिरफाड केली. शंका उपस्थित करणाऱ्या ट्रेंच नावाच्या डिटेक्टिव्हची मात्र नोकरी गेली.

१९२६ मध्ये अपील कोर्ट आलं, पण जुन्या खटल्यांसाठी नाही. स्लेटर १९२७ ला सुटला आणि त्याच्या अपिलासाठी खास कायदा करावा लागला. २० जुलै १९२८ ला शिक्षा रद्द झाली. कारण? त्याच्या चारित्र्याबद्दल न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीचं मार्गदर्शन केलं होतं. म्हणजे पुरावे कच्चे होते, हे कोर्टाने तेव्हाही थेट म्हटलं नाही.

भरपाई मिळाली ६००० पौंड. १९४८ ला स्लेटर गेला. गिलख्रिस्ट यांचा खरा खुनी कधीच पकडला गेला नाही.